सगुणेचं पहिलं मीठ

ज्या गावावर मी नाटक लिहिलं ते गाव मी पाहिलं नाटक लिहून झाल्यावर सहा वर्षांनी. नाटक लिहिलं तो त्रेसष्ट-चौसष्टचा सुमार असेल. तोवर ही गोष्ट मी मित्रांना मोठ्या फुशारकीने सांगत असे. न पाहिलेली खाडी रंगमंचावर उभी केली, लोक ढसाढसा रडले, आणखी काय पाहिजे? आता ती फुशारकी तोंडातून निघत नाही. परत येऊन तीन आठवडे झाले, तरी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबतो आणि पोरं एकमेकांकडे बघतात. म्हणून हे लिहून काढतो आहे. जे तिकडे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी माझं नाटक पाहिलं आहे त्यांच्यासाठी तर नक्कीच.

सगुणा कोण, ते आधी सांगतो. फिरंगी अमलात घोडबंदरच्या खाडीकाठी मिठागरात राबणारी ही एक बाई. मराठ्यांची फौज जवळ आली तेव्हा मिठाच्या टोपलीत लपवून ती त्यांना निरोप पोचवी. एक दिवस ती सापडली आणि फिरंग्यांनी तिला खाडीकाठी मारलं. एका जुन्या बखरीत तिच्यावर दीड ओळ आहे. तिचा दीर गोमा तिच्या बरोबर होता, एवढंच त्यात पुढे म्हटलं आहे. बास. या दीड ओळीवर आम्हा लिहिणाऱ्यांच्या तीन पिढ्या पोसल्या. आधी एका शाहिरांनी तिला वाघीण केली. मग एका कादंबरीकारांनी तिला चारशे पानं आणि सोनचाफ्याचा रंग दिला. दिवसभर उन्हात मीठ ओढणाऱ्या बाईला सोनचाफ्याचा रंग कुठून आला, हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्यानंतर एका चित्रकारांनी तिला भिजलेल्या नऊवारीत कॅलेंडरवर आणली. आमच्या सांगलीत न्हाव्याच्या दुकानातसुद्धा ते कॅलेंडर होतं.

आणि मग मी आलो. मला प्रश्न पडला, तिला पकडून दिलं कुणी? नाटकाला खलपुरुष लागतो. बखरीत दुसरं नावच नव्हतं, म्हणून मी गोमाला धरलं. माझ्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी गोमा फिरंगी कप्तानाकडून एका मिठागराची सनद घेतो आणि वहिनीची वाट दाखवून देतो. त्या जागी प्रेक्षक चपला फेकतात. गोमाचं काम करणाऱ्या नटांना स्पर्धेत बक्षिसं मिळाली आहेत. आणि नाटकाला वजन यावं म्हणून प्रस्तावनेत मी एक वाक्य टाकलं होतं, की खाडीकाठच्या वृद्ध आगरी मंडळींच्या तोंडून ऐकलेल्या हकिकतींचा या नाटकाला आधार आहे. तोपर्यंत मी एकाही आगरी माणसाशी बोललेलो नव्हतो.

माघ महिन्यात तिकडच्या शाळेतल्या सावंत मास्तरांचं पत्र आलं. गेल्या जत्रेत गावाने आपलं नाटक केलं, यंदा पहिल्या मिठाच्या दिवशी आपण पाहुणे म्हणून यावं, असा मजकूर होता. मी लगेच रजा टाकली. गावाचं नाव या लेखात मुद्दाम देत नाही. मी नावं दिल्याने काय होतं ते मी पाहून आलो आहे.

तारोडी

मी एक दिवस आधी पोचलो तो केवळ माझ्या तिसऱ्या अंकासाठी. त्या अंकात सगुणा काळ्या कातळावर उभी असते आणि आत दोन पोरं पत्रा हलवून लाटांचा आवाज काढतात. तो कातळ मला डोळ्यांनी बघायचा होता. भाईंदरला उतरून चौकशी केली तर एकाने सांगितलं, कातळ आणि समुद्र पाहिजे तर उत्तनकडे जा. एस.टी.ने उत्तनच्या बाजूला गेलो आणि चालत तारोडीला पोचलो. माडांच्या खालून वाळूत उतरलं की बांबूंवर बोंबील वाळत घातलेले दिसतात, एकमेकांच्या जबड्यात जबडे अडकवून. वास असा, की आमच्या आठवडी बाजारातली सुकटीची ओळ त्यापुढे देवघर वाटावी.

एक म्हातारी बोंबील उलटत होती. शहरी माणूस कातळांवर धोतर सावरत हिंडताना पाहून तिने हाक मारली.

"कोनाला बगताव?"

"सगुणाबाईला मारलं ती जागा बघतोय."

ती हसली. "अरे देवा! ती दर्यावरची न्हाय. ती मिठावरची, तिकडं खारीवरची. हितं कशाला आलाव?"

मला माझे पत्रे आठवले आणि हसूच आलं. म्हातारीने चुलीवर दोन बोंबील भाजले आणि तांदळाच्या भाकरीवर ठेवून माझ्या हातात दिले. आमच्याकडे भाकरी ज्वारीची. ही पांढरीशुभ्र आणि मऊ, तुकडा मोडताना वाईट वाटावं अशी. खाता खाता मी सहज विचारलं, सगुणेची गोष्ट इकडे सगळ्यांना माहीत आहे का?

"म्हंजे काय! पयलं मीठ तिला दिल्याबिगर तिकडं मीठ इकीत न्हाईत. गोमाच्या घरची टोपली जाती पयली."

"कुणाच्या घरची?"

"गोमाच्या. तिचा दीर ना तो. त्यांचं घर हाय की अजून."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. गोमाचं घर? गोमा माझ्या दुसऱ्या अंकात राहतो. म्हातारीचा काहीतरी घोळ होतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि परत फिरलो.

काशीमीरा

काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकच ट्रक. गॅरेजांतून घणांचे आवाज, हॉटेलांच्या बाकांवर पाय वर घेऊन बसलेले ड्रायव्हर, आणि चहावाल्या पोऱ्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांची भाषा हिंदी. मी मराठीत चहा मागितला तर "चाय? बैठो चाचा" असं उत्तर आलं. सांगलीत मला अजून कुणी चाचा म्हटलं नव्हतं. तिथेच सावंत मास्तर मला न्यायला आले. मूळ रत्नागिरीकडचे, तिशीचे, हसतमुख. माझ्या हातातली पिशवी त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

चहा येईपर्यंत मला धीर धरवेना. "मास्तर, गावात गोमाचं म्हणून काही घर आहे का हो?"

"आहे ना सर!" त्यांचा चेहरा उजळला. "हिराजी म्हणून म्हातारा आहे, त्याचं. पिढ्यान् पिढ्या पहिल्या टोपलीचा मान त्या घराकडे होता. कुणाला काही माहीतच नव्हतं ना! तुमचं नाटक आम्ही केलं आणि गावाचे डोळे उघडले. त्यांचं मिठागर म्हणजे त्या सनदेतलंच, हे आता पोरासोरांनाही कळलंय. पंचांनी यंदा मान काढून घेतला. उद्याची टोपली पाटलाच्या घरातून निघणार, आणि ती तुमच्यासमोर निघावी म्हणून तर तुम्हाला बोलावलंय."

मास्तर आणखी बरंच सांगत होते. गोमाचं काम करणाऱ्या पोराला कशा चपला पडल्या, दुसऱ्या दिवसापासून हिराजीच्या ओसरीवर कोणी बसायला जाईना, त्याच्या नातीचं ठरत आलेलं लग्न कसं लांबलं. हे सगळं ते मला आनंदाची बातमी द्यावी तसं सांगत होते. ती सनद मी एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, पानाला चुना लावता लावता सुचवली होती. मला स्वतःलाच सुचवली होती, आणि खूश होऊन बायकोला हाक मारून सांगितली होती.

"मास्तर, ते मी रचलेलं आहे," मी म्हणालो.

ते हसले. "तुमचा विनयच आहे सर."

मिठागर

सकाळी मास्तर शाळेत गेल्यावर मी एकटाच मिठागराकडे निघालो. वाटेत दोघांना विचारलं तेव्हा हिराजीचा बांध सापडला. आरशासारखे चौकोनी वाफे, त्यांत खाडीचं पाणी आटत आलेलं, आणि बांधावर ओल्या मिठाच्या छोट्या छोट्या राशी. उन्हात डोळे उघडे ठेववत नाहीत. आमच्याकडे गुऱ्हाळावर गेलं की गोड वाफ अंगावर येते आणि कोणीतरी हातावर गरम गूळ ठेवतं. इथे हवासुद्धा खारट, ओठांना चटका देणारी. माझ्या नाटकात सगुणा मिठागरात गाणं म्हणत नाचते. तिथे पाच मिनिटं अनवाणी उभं राहिलो आणि तळव्यांना अशी आग लागली, की मी त्या गाण्यासाठी स्वतःला चार शिव्या घातल्या.

हिराजी सत्तरीचा असेल. कमरेला रुमाल, डोक्याला फडकं, पायांची कातडी मिठाने चिरलेली. लाकडी फळीने तो मीठ कडेला ओढत होता. मला पाहून त्याने आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "कुटनं आलाव?"

मी नाव सांगितलं. त्याने फळी खाली ठेवली. बराच वेळ तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि मला वाटलं, हा आता मारणार. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"चला, घरी चला," तो म्हणाला. "हितं ऊन हाय."

घरात सुनेने पाट मांडला. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण आणि भात वाढला. ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, पण वाढण्यात हात आखडला नाही. आत दाराआड एक मुलगी उभी होती. लग्न लांबलेली नात तीच असावी. हिराजी जेवला नाही, समोर बसून बोलत राहिला.

"आमच्यात सांगत्यात ते असं," तो म्हणाला. "सगुनेला मारली नि चिखलात टाकली. जो उचलील त्याला पन मारू, असा फिरंग्याचा हुकूम. आक्खा गाव घरात बसला. गोमा व्होटीला चिखलातनं सरपटत गेला नि तिला घेऊन आला. पन जालाची कशी? धूर दिसला का फिरंगी येनार. म्हनून दोन दिस तिला मिठाच्या राशीत ठेवली. मिठात! घरच्या मानसाला! तिसऱ्या दिशी फिरंगी गेलं, तवा जालली. तवापासनं पयली रास तिची. आमचा आजा सांगायचा, गोमा मरेपरयंत मीठ न्हाय खाल्ला."

त्या दीड ओळीत गोमा तिच्या बरोबर होता असं लिहिलं होतं. बरोबर होता म्हणजे हे. तीन पिढ्यांत आम्ही एवढे लिहिणारे, गाणारे, रंगवणारे. ज्याने तिला मिठात झाकून ठेवलं त्या माणसाला कुणी विचारलं नाही. मी तर त्यालाच तिला विकायला लावलं.

"बाबा, मी ते मनाने लिहिलं," मी म्हणालो. "सनद नाही, फितुरी नाही. कुठेच काही नाही. चूक माझी आहे."

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. "हितं बोलून काय उपेग? आमाला म्हायती हाय. सांजच्याला सगल्यांम्होरं बोला."

"बोलतो," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं होतं की हे सोपं आहे. लिहिणाराच सांगतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार?

पहिली टोपली

संध्याकाळी ओहोटीच्या वेळी सगळा गाव खाडीकाठी जमला. सगुणेची जागा म्हणजे बांधाच्या टोकाला शेंदूर लावलेला एक गुडघ्याएवढा दगड. ना कातळ, ना लाटा. समोर चिखल आणि चिखलात पाय उचलत चालणारे बगळे. बायका हिरव्या-लाल लुगड्यांत, पुरुष डोक्याला स्वच्छ फडकी बांधून. पाटलाच्या पुतण्याच्या पुढ्यात मिठाने भरलेली टोपली होती, वर झेंडूचं फूल. हिराजी आणि त्याचा मुलगा घोळक्याच्या मागे उभे होते. त्यांच्या आजूबाजूला दोन माणसांची जागा मोकळी होती.

मला हार घालण्यात आला. मी तो काढून हातात घेतला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. गोमाने फितुरी केली हे मी नाटकासाठी रचलं. मला कागद सापडला नाही, मला कोणी सांगितलं नाही, या गावात मी काल पहिल्यांदा आलोय. हिराजींच्या घराचा मान काढून घेऊ नका. मी हात जोडले.

पाटील चांगला माणूस होता. तो गोंधळून हिराजीकडे, मग मास्तरांकडे बघू लागला. "मास्तर, सर तर असं बोलतान. आता?"

सावंत मास्तर पुढे आले. त्यांच्या हातात माझ्या नाटकाची प्रत होती, वापरून वापरून खिळखिळी झालेली. त्यांचा चेहरा पडला होता. माझ्यापेक्षा त्यांनाच मोठा धक्का बसल्यासारखा दिसत होता. "सर, माफ करा. पण मग हे काय आहे?" आणि त्यांनी माझी प्रस्तावना मोठ्याने वाचली. खाडीकाठच्या वृद्ध आगरी मंडळींच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती. शाळेतल्या पोरांना शुद्धलेखन घालावं तसे ते एकेक शब्द सुटा करून वाचत होते.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "हेही मी खोटंच लिहिलं."

"छापलेलं खोटं?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. दुसरा एक म्हातारा पुढे आला. "पवाडा हाय, काळींडर हाय, नाटक हाय. एवढी सगली खोटी, नि आज येक दिस आलाव त्ये तुमी खरं?"

पवाड्यात गोमा नाही, कॅलेंडरवरही नाही, हे मी ओरडून सांगितलं. पण आता माझं बोलणं कोणाला हवं होतं? पाटलाने क्षणभर डोळे मिटले आणि पुतण्याला खूण केली. भरतीच्या आत मीठ दगडापाशी पोचायला हवं होतं. पुतण्याने टोपली डोक्यावर घेतली आणि ढोलकी वाजू लागली. मी वळून पाहिलं. हिराजी टोपलीकडे पाहत नव्हता. तो मास्तरांच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहत होता.

परतीची वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. मास्तर नाक्यापर्यंत येणार होते, मीच नको म्हणालो. गावाबाहेर बांधावर हिराजी उभा होता. माझ्या हातातून पिशवी घेऊन तो न बोलता बरोबर चालू लागला. ठाण्याकडून येणारी गाडी लांब होती. रस्त्याकडेला ट्रकांच्या धुळीत आम्ही उभे राहिलो.

"नाटक बदलतो मी, बाबा," मी म्हणालो. "गोमा चिखलातून जातो तेच लिहितो. नवीन पुस्तक छापून आधी तुमच्याकडे पाठवतो. पाटलाला पत्र लिहितो. पुढच्या वर्षी टोपली तुमच्या घरातूनच निघाली पाहिजे."

"नको." तो म्हणाला. "पोराला सांगितलं मी राती, मान मागू नको. ऱ्हाऊ दे पाटलाकडं."

"का पण?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. मग तो माझ्या जवळ सरकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आता कोन न्हाय. खरं सांगा. कोनच्या म्हाताऱ्यानं सांगितलं तुमाला?"

मला काही क्षण कळलंच नाही तो काय विचारतोय. कळलं तेव्हा मी त्याचे दोन्ही हात धरले. "बाबा, कोणी नाही सांगितलं! मी रचलं. शपथ घेतो, माझ्या पोरांची शपथ."

त्याने हात सोडवून घेतले नाहीत. उलट माझ्याच हातावर त्याने आपला हात ठेवला आणि लहान पोराला समजवावं तसं थोपटला.

"तुमी चांगली मानसं हाव," तो म्हणाला. "पन माजं म्हननं काय, पुस्तक लिवलांव तवा तुमी आमाला वलकत नव्हता. नाव पन म्हायती नव्हतं. तवा तुमी आमच्याबद्दल खोटं कशाला लिवाल? आता वलक झाली, पोरीला बगितलीत, तुमाला वाईट वाटला. म्हनून आता खोटं बोलताव."

त्याचा हात अजून माझ्या हातावर होता.

"माजा आजा आमाला खोटं सांगला आसंल," हिराजी म्हणाला. "त्याला पन वाईट वाटला आसंल."

वळणावर गाडी दिसली. मला हात वर करायचंही सुचलं नाही. त्यानेच पुढे होऊन हात दाखवला, गाडी थांबवली आणि माझी पिशवी आत चढवून दिली.